शनिवारची भाकरी

मी चौथी पास. पुढं शिकले नाही, कारण आमच्या गावात चौथीपुढं शाळा नव्हती आणि बाप म्हणाला, पोरीला एवढं बस झालं. तेवढ्या शिक्षणावर मी सव्वीस वर्षं मिशनची बायबल बाई म्हणून काम केलं. मंडळीच्या मासिकाच्या नाताळच्या अंकात दानधर्मावर लिहायला दरवर्षी कुणी ना कुणी पाळक असतात. यंदा मला सांगितलं आहे. पाळक लिहितात ते वाचून माणसाला बरं वाटतं. माझं वाचून वाटेलच असं नाही.

आधी काम सांगते, कारण ते काम आता कुणी करत नाही आणि माझ्या नातवंडांनासुद्धा ते समजत नाही.

जालना तेव्हा जिल्हा नव्हता, तालुका होता. माझ्याकडं भोकरदनच्या वाटेवरची आठ गावं होती, पार केदारखेड्याच्या पलीकडपर्यंत. एकेका गावात ख्रिस्ती घरं दोन, तीन, फार तर पाच. एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं पायी. बायांना गीतं शिकवायची, शास्त्रातला एखादा भाग वाचून दाखवायचा, आजाऱ्याजवळ बसायचं, कुणाचं पत्र आलं असेल तर वाचायचं आणि उत्तर लिहून द्यायचं. आणि मुठीचं धान्य गोळा करायचं. लोक मला बायबल बाई कमी म्हणत, मूठवाली बाई जास्त.

मूठ म्हणजे काय ते सांगते. घरच्या बाईनं दळायला जवारी सुपात काढली, की त्या सुपातून एक मूठ परत घ्यायची आणि चुलीजवळच्या गाडग्यात टाकायची. रोज. कणगीतून घ्यायची नाही. कणगीतून कुणीही देईल. आज आपल्या ताटात जी भाकरी येणार तिच्यातून कमी करायचं, म्हणजे ते दान. आठवड्याचं गाडगं शनिवारी माझ्या पोत्यात रिकामं व्हायचं. अर्धं धान्य त्याच गावातल्या आजारी-म्हाताऱ्यांना, अर्धं जालन्याला मिशनच्या कंपाउंडमधल्या निराधार बायांना.

या कामाला दोन नियम होते. मला ज्या म्हाताऱ्या बाईनं काम शिकवलं तिनं ते घालून दिले होते. पहिला, गाडग्यात बघायचं नाही. कुणी किती दिलं ते देणाऱ्याला आणि देवाला ठाऊक. मी पोत्याचं तोंड धरून आढ्याकडं बघायची. पण कान झाकता येत नाहीत. दोन मुठी पडल्या की सात, ते मला आवाजावरून कळायचं. एका गावात एक मावशी होती, तिची जवारी पडली की खडखड वाजायची. निम्मे खडे. त्या दिवशी तिच्या घरी प्रार्थना लांबवली आणि ज्यांना दात नाहीत अशा म्हाताऱ्यांची नावं एकेक करून घेतली. पुढच्या शनिवारी जवारी निवडलेली आली. मावशी म्हणाली, "बाई, तुमची प्रार्थना लई टोचती."

पोतं घेऊन एसटीत चढायचं हा दर शनिवारचा तमाशा. एक कंडक्टर होता, पोत्याचं तिकीट मागायचाच.

"अहो, देवाचं धान्य आहे," मी म्हणायची.

"मंग देवाला म्हणा, अर्धं तिकीट काढ. न्हाईतर मांडीवर घेऊन बसा."

मी पोतं मांडीवर घेऊन जालन्यापर्यंत बसायची. पुढं त्याची बायको आजारी पडली. तेव्हा त्याच पोत्यातली जवारी त्याच्या घरी गेली. त्यानंतरही त्यानं तिकीट मागायचं सोडलं नाही. नियमाचा माणूस होता. मला तो आवडायचा.

दुसरा नियम, कुणाच्याही घरी पुढ्यात आलेलं अन्न नको म्हणायचं नाही. हा नियम बाहेरच्या माणसाला साधा वाटेल. आमच्या लोकांना साधा नाही. आमच्या हातचं पाणी नको म्हणणारे पिढ्यानपिढ्या भेटले. ख्रिस्ती झालो, कुणी बौद्ध झाले, तरी कुणी 'नको' म्हटलं की पहिला तोच अर्थ मनात येतो. कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात एका घरी मी म्हटलं, पोट भरलंय. खरंच भरलं होतं. त्या बाईनं दोन महिने मला दार उघडलं नाही. जालन्यात राहून बाई सोवळी झाली, असं गावभर बोलली. मग माझी म्हातारी गुरू म्हणाली, "पुढ्यात आलं ते खायचं. विष असलं तर प्रार्थना करून खायचं." तेव्हापासून मी आठही गावांत खात आले. शनिवारी घरून डबा नेत नसे. हा नियम मी कधी मोडला नाही. एकदाच मोडला, ते पुढं येईल.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून कळत नाही. पाऊस आलाच नाही. विहिरीत माती दिसायला लागली. माणसं खडी फोडायला गेली. रेशनवर लाल मिलो मिळायची, परदेशातलं हलकं धान्य. जनावरं खात नाहीत असं लोक म्हणायचे आणि तीच खायचे. मिशनकडं परदेशातून भरडा गहू, तेल आणि दुधाची पावडर आली. कुठल्या गावात कुणाला द्यायचं याची यादी करायचं काम पाळकसाहेबांनी माझ्यावर टाकलं. सगळ्या जातीधर्माच्या गरजूंना द्यायचं असं ठरलं होतं आणि ते बराबर होतं. पण डबे कमी, तोंडं जास्त. कुणाला वगळायचं ते मी ठरवायचं होतं.

मी एक युक्ती काढली. ख्रिस्ती घरांपैकी ज्याच्या गाडग्यात मूठ पडते ते घर यादीत घ्यायचं नाही. जो देतो त्याच्याकडं आहे. ज्याचं गाडगं रिकामं, त्याचं नाव लिहायचं. प्रश्न विचारायला नको, कुणाला खोटं बोलायला नको. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही चौथी पास असून आम्हाला शिकवता." मला फार बरं वाटलं. तेव्हाच्या बऱ्या वाटण्याची आज लाज वाटते.

केदारखेड्याच्या पलीकडं एक वस्ती होती. तिथं वच्छलाचं घर. नवरा दुष्काळ पडल्यावर कामाला म्हणून सुरतेकडं गेला आणि त्याचं एकच पत्र आलं. मीच वाचून दाखवलं होतं. घरात वच्छला, तिची सहा वर्षांची मुलगी दया आणि सासू. सासूला वच्छला आत्या म्हणायची, बाकी सगळे आजीच म्हणत. आजी ताठ बाई. गीत म्हणायला लागली की बाकीच्यांचा सूर तिच्यामागं फरफटत जायचा.

वच्छला दिवसभर खडी फोडायची. शनिवारी मी दुपारी पोचायची, तेव्हा ती मुद्दाम घरी यायची. मूठ द्यायची आणि मला जेवायला वाढायची. एक जवारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी कोरा चहा. दुष्काळातसुद्धा जवारीची. लाल मिलोची नाही.

पोत्यात तिची मूठ पडली की आवाज अगदी थोडा यायचा. एकच मूठ. सात दिवसांची एक. मला ते ऐकू येत होतं. मी आढ्याकडं बघायची.

मी जेवायला बसले की दया समोर येऊन बसायची आणि माझ्या ताटाकडं बघायची. डोळे हलवायची नाही. मी एकदा म्हटलं, "वच्छला, पोरीला वळण लाव. पाहुण्याच्या ताटाकडं असं बघू नये." वच्छलानं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. हे मी बोलले आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालता आलं असतं तर घातलं असतं.

"आजी, तुम्ही बसा ना जेवायला," मी विचारायची.

"माझा उपास हाये."

"कशाचा?"

"प्रार्थनेचा. पावसासाठी करून राह्यले."

मी खूश व्हायची. एका शनिवारी मी मोठ्यानं प्रार्थना केली आणि या बहिणीच्या उपासाबद्दल देवाचे आभार मानले. जालन्यात बायांच्या सभेत तिचं उदाहरण दिलं. म्हातारी बाई, पण पावसासाठी उपास करते, आणि तुम्ही एक वेळचा चहा सोडत नाही. बाया मान खाली घालून बसल्या.

चार महिने असं चाललं.

मग एका शनिवारी टँकरपाशी मला गयाबाईनं अडवलं. गयाबाई वच्छलाची शेजारीण, बौद्ध. मधे एक कुडाची भिंत, एवढंच. जिभेनं तिखट. घागर कमरेवर घेऊन वाटेत उभी राहिली.

"जय भीम, बाई. घाईत न्हाईत ना?"

"सलाम गयाबाई. काय म्हणता?"

"आज बी जेवणार का?"

"कुठं?"

"वच्छीकडं. आज माझ्यापाशी जवारी न्हाई, म्हणून इचारून राह्यले. आधी कळलं असतं तर कुठून तरी आणली असती."

मला काही कळेना. "तुमच्या जवारीचा आणि माझ्या जेवणाचा काय संबंध?"

गयाबाई हसली. चांगलं हसणं नव्हतं ते.

"शुक्रवारी सांजच्याला येती वच्छी. गये, एक मूठ दे गाडग्यात टाकायला, बाई येणार. अन् एका भाकरीपुरती दे, बाईला मिलोची कशी वाढू? माझ्या भावानं दिल्ती पायलीभर. पोरांच्या सणाला ठेवल्ती मी. ती तुम्ही खाल्ली, बाई. चार महिने झाले, खाऊन राह्यल्या."

"मला माहीत नव्हतं."

"घरात गेल्यावर डोळे कुठं असतात तुमचे?"

मी म्हटलं, "आणि आजींचा उपास?"

"उपास!" तिनं घागर खाली ठेवली. "तुमच्यात मंगळवारी कोणत्या देवाचा असतो? बुधवारी कोणत्या? म्हातारी एक दिसाआड खाती, बाई. पोरीला पुरावं म्हणून. सगळ्या वस्तीला ठाव हाये. एक तुमालाच न्हाई, अन् तुमच्या देवाला."

मी तशीच वच्छलाच्या घरी गेले. आजी अंथरुणावर होती. मी तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. हाताच्या काड्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, मी तुमचं नाव यादीत लिहिते. पुढच्या गाडीला गहू आणि पावडर येईल."

आजी उठून बसली.

"लिहू नको."

"आजी, हट्ट करू नका."

"हट्ट न्हाई. आमचे मालक ख्रिस्ती झाले तवा गावानं त्यास्नी काय नाव ठेवलं, तुला ठाव हाये? दुधाचा डबा. मिशनच्या दुधापायी धरम सोडला म्हणं. वाटंनं चालले की पोरं म्हणायची, आला दुधाचा डबा. मरूस्तोवर. खरं सांगते, त्या माणसानं मिशनचं एक पेलाभर दूध पेलं न्हाई कधी. मी त्याच्या मढ्यापुढं बोलले, या घरातून मिशनला जाईल. मिशनचं या घरात येणार न्हाई."

"पण आता दुष्काळ आहे."

"मंग काय? दुष्काळात शब्द ढिला होतो का?"

वच्छला दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "बाई, मी आत्यांच्या शब्दाभाईर न्हाई. अन् आज भाकरी न्हाई. चहा ठेवते."

चहा मी प्याले. तोही नको म्हणायला हवा होता का, ते मला अजून सांगता येत नाही.

जालन्याला येऊन मी पाळकसाहेबांना सांगितलं, एक घर राहिलं आहे. ते म्हणाले, "आधी का नाही लिहिलं?" मी म्हटलं, "त्या बाईनं लपवलं." त्यांनी नाव घातलं. मी तिथंच खरं बोलले असते तर त्यांनी माझी युक्ती मोडून काढली असती. आणखी किती गावांत अशा एकेका मुठी पडत होत्या ते तपासलं असतं. मी नंतर एकटीनं तपासलं. एका गावात तशीच दोन घरं निघाली.

आता पुढची चूक. जीप वस्तीवर आली की चौकात थांबायची आणि जीपवाला यादीतली नावं मोठ्यानं वाचायचा. तशीच पद्धत होती. मला ती माहीत होती. मी त्याला सांगायला हवं होतं, हे एक नाव वाचू नको. डोक्यात आलंच नाही. त्यानं वच्छलाच्या नवऱ्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. पारावर बसलेल्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, "आला, आला. दुधाचा डबा आला एकदाचा." सगळे हसले. फार वाईट हसले असं नाही, दुष्काळात माणूस कशालाही हसतं. पण वच्छला गर्दीच्या कडेला पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिनं पदर पुढं ओढला आणि निघून गेली.

तिचा गहू आणि पावडरीचा डबा जीपच्या मागच्या फळीवर तसाच पडला. मी तो उचलून तिच्या घराकडं निघाले, तर गयाबाईनं माझ्या हातातून काढून घेतला.

"कुठं निघाल्या? तोंडावर फेकून मारंल म्हातारी."

"मग काय करू?"

"माझ्याकडं द्या. मी वच्छीला उसनं देते."

"उसनं?"

"उसनं ती घेती. उसन्याला लाज नसती, ते फेडायचं असतं. तुमचं दान फेडता येत न्हाई, म्हणून तर माणूस घेत न्हाई." मग डबा काखेत मारून म्हणाली, "अन् फेडायला ती यील तवा मी घीन. तुमी मधात पडू नका."

मी सव्वीस वर्षं दानावर बोलले. तिच्याइतकं नेमकं मला कधी बोलता आलं नाही.

गयाबाईनं पावडरीचं दूध करून नेलं, गाईचं आहे म्हणून सांगितलं. त्या साली वस्तीवर दुभती गाय राहिली नव्हती, पण सांगितलं. दया प्याली. आजीनं पेला तोंडापाशी नेला, वास घेतला आणि खाली ठेवला. "हे डब्याचं हाये," म्हणाली. गयाबाईला वाटलं आता भांडण. आजी म्हणाली, "पोरीला दे. ती शब्दात बांधलेली न्हाई." स्वतः ना ते दूध घेतलं, ना त्या गव्हाचा घास. हे मला गयाबाईनंच पुढं सांगितलं.

दया जगली. पाच-सहा आठवड्यांत तिच्या गालावर जरा मांस आलं. एवढं एक चांगलं झालं, आणि ते गयाबाईनं केलं.

आजीला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. ताप हेच कारण सगळ्यांनी सांगितलं. उपासमार हा शब्द कुणी उच्चारला नाही. तहसिलातला माणूस येऊन गेला, त्यानंही नाही. मीही नाही.

निरोप आला तो शुक्रवार होता. पाळकसाहेबांची गाडी वाटेत बिघडली, म्हणून मातीवर प्रार्थना मीच केली. आमची चार माणसं आणि वस्तीतली बौद्ध मंडळी सगळी. खड्डा त्यांच्या पोरांनीच खणला होता. जमीन दगडासारखी झाली होती, सकाळपासून खणत होते.

आमच्याकडं मौत झाली की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे भाकरी-पिठलं करून आणतात आणि घरच्यांना दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. धर्म बदलले तरी ते कुणी सोडलं नाही. मातीहून परत आलो तेव्हा गयाबाई टोपलं घेऊन दारात होती. मिलोच्या भाकरी आणि चिंचेचं पातळ सार. डाळ कुठली आणायची? तिच्या स्वतःच्या पोरांच्या तोंडचं होतं ते, हे आता मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सगळे भिंतीला टेकून बसले. गयाबाईनं वाढलं. वच्छलाला दोन घास स्वतःच्या हातानं भरवले. मग माझ्या पुढ्यात पितळी ठेवली. अर्धी भाकरी आणि सार.

मी त्या भाकरीकडं पाहिलं. माझ्या मनात काय आलं ते स्पष्ट आठवतं. या घरात मी एवढे शनिवार खाल्लं, आणि जिचं खाल्लं तिला आत्ता मातीत ठेवून आले. आता मी इथला एक घास खाणार नाही. मला वाटलं, निदान आज तरी मला हे कळायला हवं. आज तरी ही अर्धी भाकरी गयाबाईच्या पोराला मिळू दे. मला वाटलं, मी चांगलं करते आहे.

मी पितळी बाजूला सारली.

"मला नको," म्हटलं.

सगळे खायचे थांबले. गयाबाईचा हात टोपल्यावरच राहिला.

"का बाई? आमच्या हातचं चालत न्हाई?"

"तसं नाही हो गयाबाई. तुमच्या पोरांना—"

"पोरांचं मी बघंन. मौतीच्या घरचा घास हाये. वैरीसुद्धा खातो."

मी बोलायला तोंड उघडलं. काय सांगणार होते? की मला तुमच्या जवारीची शरम वाटते? ते तिथं, वच्छलासमोर, चार माणसांत सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर वच्छलानं उसनी जवारी आणून मला खाऊ घातली हे उघडं पडलं असतं. मी गप्प बसले. गप्प बसल्यावर त्या 'नको'चा एकच अर्थ उरला, तो त्या घरातल्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ होता.

वच्छला माझ्याकडं बघत होती. रडून डोळे सुजले होते, पण नजर कोरडी. म्हणाली, "ऱ्हाऊ दे गया. बाई मोठ्या गावच्या."

गयाबाईनं पितळी उचलली आणि दयासमोर ठेवली. मी 'येते' म्हणून उठले. फाट्यापर्यंत कुणी सोडायला आलं नाही. एरवी दया यायची.

माझी गुरू तेव्हा कंपाउंडमध्ये खाटेला खिळली होती. तिला मी सगळं सांगितलं. मला वाटलं समजूत घालेल. ती म्हणाली, "खायचं नव्हतं तवा खाल्लंस, अन् खायचं होतं तवा उठलीस." आणि कुशीवर वळली.

पुढच्या शनिवारी मी गेले. जाणं भागच होतं, काम होतं. वच्छला घरी होती. सलाम घातला, बसायला गोणपाट टाकलं, मूठ पोत्यात टाकली. मी प्रार्थना केली. तिनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं. मी पाणी प्याले आणि बसून राहिले. ती चुलीकडं तोंड करून बसली. आत भाकरी होती, मला वास येत होता. रोजगाराचं धान्य मिळालं होतं त्या आठवड्यात. दया कोपऱ्यात बसून खात होती, यावेळी तिच्या ताटाकडं मी बघत होते.

त्यानंतर ती भावाकडं परभणीला जाईपर्यंत चार-पाच शनिवार मी त्या दारात गेले. दर वेळी मूठ दिली, पाणी दिलं. एकदाही वाढलं नाही. मला फक्त म्हणायचं होतं, वच्छला, भूक लागली आहे गं, अर्धी भाकरी दे. एवढ्यानं कदाचित झालं असतं. मिशनची बाई तिच्या दारात मागते, हे तिला हवं होतं की नाही कोण जाणे, मला मात्र ते करायला हवं होतं.

मी ते म्हटलं नाही. पोतं उचललं, सलाम घातला, आणि पुढच्या घरी त्यांनी वाढलं ते जेवले.